शरणपूरची मुलं आणि झांबियातला नाताळ

नाताळच्या आदल्या दिवशी मी अमळनेरहून नाशिकला निघालो तो शरणपूर पाहायला. नाशिकला आम्हा खानदेशी लोकांचं जाणं-येणं नेहमीचंच. कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन, कोणाचा पंचवटीतला दहावा. शरणपूर रोडवरून तर किती वेळा गेलो असेन. पण ज्या वस्तीवरून या रस्त्याला नाव मिळालं, तिथे दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतली मुलं राहत होती, सुतारकाम शिकत होती, प्रार्थना म्हणत होती. आणि त्यांच्यातलीच काही पुढे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या नाताळाला त्याच्यासोबत होती. हे वाचनात आल्यापासून मला चैन नव्हतं.

धुळ्याला गाडी बदलली. दादर ज्वारी गुडघ्यावर आली होती, हरभरा घाट्यांनी भरला होता आणि बांधाबांधावर भरिताच्या वांग्यांसाठी काट्या पेटल्याचा धूर होता. लळिंगचा किल्ला मागे पडला, झोडगे गेलं, मालेगाव आलं. हाच जुना मुंबई-आग्रा रस्ता. मालेगावात चर्च मिशनरी सोसायटीचे लोक काम करायचे आणि त्यांचं मोठं ठाणं नाशिकला होतं.

आमच्या खानदेशात मात्र दुसरी मंडळी आली. फ्रेड्रिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश माणसाने १८९० मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. १८९२ मध्ये त्याचे प्रचारक आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये पोचले. त्यांच्यात मल्ला मो नावाची नॉर्वेची एक तरुणी होती. तिने उरलेलं सारं आयुष्य तिथेच काढलं आणि १९५३ मध्ये तिथेच देह ठेवला. याच मिशनची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात आली आणि भिल्ल, मावची वस्त्यांमध्ये राहिली. आमच्या सुरत लाइनीवर चिंचपाड्याला जे ख्रिस्ती रुग्णालय आहे, त्याची सुरुवात याच लोकांची. झिंबाब्वेतलं करांडाचं रुग्णालयही त्यांचंच, १९६१ चं. म्हणजे नाताळच्या सकाळी चिंचपाड्यात आणि करांडात बाळंतिणींच्या खाटांपाशी एकाच घराण्याची शुभेच्छा पोचत असणार. एकीकडे थंडीने कुडकुडत, दुसरीकडे भर उन्हाळ्यात. तापीखोऱ्यातला माणूस आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बातम्या दूरच्या समजतो, पण तसं ते मुळीच नाही.

शरणपूरची गोष्ट याहून जुनी आहे, आणि माझ्या मते याहून मोठी.

संध्याकाळी पोचलो. ज्यांच्याकडे उतरायचं होतं ते निवृत्त शिक्षक. त्यांना घरात, गल्लीत, चर्चमध्ये सगळे सरच म्हणतात. दारावर कागदी चांदणी लागली होती आणि आत ओट्यावर करंज्यांची शेवटची खेप तळणीत होती. काकूंनी झाऱ्याने एक करंजी उचलून आधी माझ्याच हातावर ठेवली. "अमळनेरचे ना तुम्ही? मग साने गुरुजींच्या गावचे," म्हणाल्या. आता हे नाव निघाल्यावर अमळनेरचा माणूस पाहुणा राहत नाही. गुरुजी १९२४ मध्ये आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले, आणि छात्रालयात मुलांची आई होऊन राहिले. शरणपूरच्या मुलांचा विचार करताना मला सारखं ते छात्रालय आठवत होतं. घरापासून तुटलेल्या मुलाला परक्या गावात कोणीतरी आपलं म्हणावं लागतं. ते म्हणणारं माणूस कसं आहे, यावर त्या मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं.

शरणपूर वसलं १८५४-५५ च्या सुमारास. विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्याने गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची ही वस्ती बसवली. शाळा, चर्च, अनाथाश्रम आणि कारखाना. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे माणसं विकायला नेली जात. इंग्रजांच्या आरमाराची जहाजं त्या गलबतांना गाठत आणि सोडवलेल्या माणसांना मुंबईला आणून उतरवत. त्यांत मुलं पुष्कळ. त्यांना परत कुठे न्यायचं? गाव कुठलं, तर मुलाला नदीचं नाव सांगता येई, आईचं नाव सांगता येई, पण नकाशावर बोट ठेवता येत नसे. काही न्यासा सरोवराच्या बाजूची याओ होती. हा भाग आज मलावी आणि मोझांबिकमध्ये आहे. १८६० च्या सुमारास ही मुलं नाशिकला आली. आयझेनबर्ग नावाचे जर्मन मिशनरी त्यांची व्यवस्था पाहत. ते स्वतः आधी इथिओपियात राहून आलेले होते.

मुलांना नवी नावं मिळाली. रिचर्ड आयझेनबर्ग, सायमन प्राइस, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. काहींना तर मिशनऱ्यांचीच आडनावं लावली गेली. मला यात माया दिसते आणि पुसून टाकणंही दिसतं. मॅथ्यू वेलिंग्टनचं जन्मनाव चेंगविंबे होतं. ते त्याने म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवलं, याचा मला फार आनंद आहे. ही मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी लिहायला शिकली आणि गोदावरीच्या काठची बोली तर कानावरूनच आली असणार.

रात्री कॅरलवाली मंडळी आली. तरुण पोरं, दोन गिटारी, एक ढोलकी, पुढे टॉर्च धरलेली लहान मुलं. दारात उभं राहून मराठी गाणी म्हटली, सरांनी प्रार्थना केली, काकूंनी चिवड्याच्या पुड्या वाटल्या. जाताना प्रत्येकाने "सलाम" म्हणून हात जोडले. प्राइस साहेबांच्या काळात ही फेरी अशीच निघत होती की नाही, कोण जाणे. पण चर्च ऑफ इंग्लंडच्या त्या मिशनमध्ये नाताळ हा वर्षाचा मोठा सण होता एवढं नक्की. उपासना, नवे कपडे, गोडधोड. शरणपूरच्या आफ्रिकन मुलांनी नाताळ ओळखला तो इथे, नाशिकच्या थंडीत.

लिव्हिंग्स्टनचं याच्या उलट. तो स्कॉटलंडचा. तिथल्या कडक चर्चपरंपरेत नाताळाचं कौतुक नव्हतं. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ मध्ये. आणि संसार म्हणाल, तर त्याचा संसार वाटेवरच विस्कटला. मेरी मॉफट ही त्याची बायको आफ्रिकेतच जन्मलेली, १८२१ ची. तिचं माहेर कुरुमान, कलाहारीच्या कडेला. तिचे वडील रॉबर्ट मॉफट यांनी तिथे मोठ्या झऱ्याचं पाणी पाटाने आणून फळबाग केली, छापखाना घातला, आणि सेत्स्वाना भाषेत सबंध बायबल छापून काढलं, तेही १८५७ मध्ये. एका बाजूला पाट, बाग, शाळा, घरभर मुलं. मिशनरी कुटुंब म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते कुरुमानचं. त्याच बागेतल्या बदामाच्या झाडाखाली लिव्हिंग्स्टनने मेरीला मागणी घातली असं सांगतात. जानेवारी १८४५ मध्ये लग्न झालं.

पण जावई सासऱ्यासारखा एका जागी राहणारा नव्हता. त्याने बायको-मुलांना बैलगाडीतून कलाहारीपार नेलं. १८५० मध्ये त्यांची तान्ही मुलगी एलिझाबेथ गेली. १८५२ मध्ये मेरीला आणि चार मुलांना त्याने केपटाउनहून इंग्लंडच्या जहाजात बसवलं आणि स्वतः आत निघून गेला. तिकडे मेरीने पैशांच्या ओढाताणीत, दुसऱ्यांच्या दारी दिवस काढले. पुढे ती परत नवऱ्याकडे आली आणि २७ एप्रिल १८६२ रोजी झांबेझीकाठी शुपांग्याला तापाने वारली. थोरला मुलगा रॉबर्ट नाव बदलून अमेरिकेतल्या यादवी युद्धात शिरला आणि १८६४ मध्ये कैदेत मेला, अठराव्या वर्षी. लिव्हिंग्स्टनच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जे लिहिलं त्याने जग हललं. पण त्याच्या मुलांचा हिशेब कोणी मांडत नाही आणि तो मांडायला हवा.

असा हा विधुर माणूस १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला आला. बरोबर चुमा आणि विकाटानी नावाची दोन मुलं होती, आफ्रिकेत गुलामांच्या तांड्यातून सुटलेली. त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून तो इंग्लंडला गेला. पुढच्या वर्षी परत आला तेव्हा आफ्रिकेच्या नव्या सफरीसाठी त्याला माणसं हवी होती. त्यासाठी तो नाशिकला आला. थळ घाटातून रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली होती. शरणपूरच्या आश्रमातून नऊ जण त्याच्याबरोबर जायला तयार झाले.

सकाळी उपासनेच्या आधी मी वस्तीतून फिरत होतो तेव्हा हाच प्रसंग डोक्यात घोळत होता. कोणी विचारलं असेल त्यांना? तिकडे जायचं का, म्हणून? लहानपणी साखळदंडात ज्या वाटेने आणलं त्याच वाटेने, आता मोकळ्या पायांनी आणि पगारावर. काहींना घर सापडेल असं वाटलं असेल. काहींना शरणपूरच घर वाटत असेल आणि जायचं जिवावर आलं असेल. ३ जानेवारी १८६६ ला त्यांचं जहाज मुंबईहून सुटलं. म्हणजे नाशिककरांचा इथला शेवटचा नाताळ नुकताच झाला होता.

सफर वाईट गेली. रिचर्ड पहिल्याच वर्षी वाटेत मेला. लिव्हिंग्स्टनच्या डायरीत नाशिकच्या पोरांबद्दल तक्रारीच तक्रारी आहेत. आळशी आहेत, ओझी टाकतात, ऐकत नाहीत. कारखान्यात रंधा मारायला शिकलेली पोरं होती ती. त्यांना अचानक दलदलीतून हमाली करायला लावलं तर दुसरं काय होणार? तरी नथॅनिएल मब्रुकी आणि एडवर्ड गार्डनर हे नाशिकचे दोघे शेवटपर्यंत टिकले. आणि १८७२ मध्ये पत्रकार स्टॅन्लीने पाठवलेल्या मदतीच्या तुकडीत आणखी सहा नाशिककर दाखल झाले. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन. ही सहा नावं मी मुद्दाम लिहून नेली होती.

उपासना दहाला सुरू झाली. चर्च भरलं, मागे व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या. पुढे गव्हाणी केली होती, खऱ्या गवताची. त्यात मातीच्या मेंढरांबरोबर कोणा मुलाने प्लॅस्टिकचा एक झेब्राही उभा केला होता. तो कोणी उचलला नाही. पेटी, तबला आणि दोनशे गळे. पाळकसाहेबांनी प्रवचन आटोपशीर केलं आणि मग एकेक कुटुंब पुढे जाऊन प्रभुभोजन घेऊ लागलं. म्हातारी आजी नातवाच्या खांद्याचा आधार घेत निघाली, तिच्या नव्या लुगड्याची घडी अजून मोडली नव्हती. ज्या प्रार्थनापुस्तकातून जेकब वेनराइटने पुढे आफ्रिकेच्या रानात वाचन केलं, त्याच पुस्तकाच्या वळणाची ही उपासना होती. मी ख्रिस्ती नाही. पण बाकावर बसून ऐकताना जेकब माझ्या ओळखीचा झाला.

१८७२ चा नाताळ. जागा आजच्या झांबियाच्या उत्तरेला, बांगवेउलू सरोवराकडच्या वाटेवर. पावसाळा ऐन भरात. पाऊस असा की तंबू सडत होते, वाटा बुडाल्या होत्या. लिव्हिंग्स्टन एकोणसाठ वर्षांचा, आतड्यांच्या दुखण्याने खंगलेला. या आधीचे त्याचे काही नाताळ अर्धपोटी गेलेले होते. १८६८ मध्ये तर सणाला बकरं राहो, कोंबडीसुद्धा विकत मिळाली नव्हती. या नाताळाला मात्र त्याने देवाचे आभार मानले, एक बैल कापला, सगळ्यांना मण्यांच्या माळा वाटून दिल्या आणि त्या दिवशी कूच न करता विश्रांती घेतली. डायरीत याला फार जागा नाही.

त्या जेवणाला कोण होतं पाहा. त्याचा जुना सोबती सूसी, आणि चुमा. नाशिकची मंडळी. बाकी किनाऱ्यावरचे आणि वाटेत मिळालेले लोक. त्याची मुलं स्कॉटलंड-इंग्लंडात, धाकटी ॲना मेरी तर बापाला जेमतेम ओळखणारी. आणि त्याच्याभोवती बैलाचं मांस भाजत बसलेले हे तरुण, ज्यांचे आईबाप गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तोडले होते. ज्याने घर सोडलं तो आणि ज्यांचं घर हिसकावलं गेलं ते, असे सगळे पावसात एका शेकोटीला होते. मिशनरी कुटुंबाचा नाताळ म्हणून कुरुमानच्या बागेतलं टेबल कोणी दाखवलं तर मी ते पाहीन. पण मला खरं कुटुंब या शेकोटीपाशी दिसतं. आणि त्यात नाताळाची रीत लहानपणापासून जाणणारे होते ते नाशिकचे. यजमानाच्या गावी तर हा सण जेमतेम पाळत.

चार महिन्यांनी, १ मे १८७३ च्या पहाटे, चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. तिथून पुढे जे या माणसांनी केलं त्याला तोड नाही. तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ठरवलं, देह त्याच्या देशाला पोचवायचा. काळीज आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली, जेकबने प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधीचं वाचन केलं आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. लाकडावर हत्यार चालवायचं शिक्षण शरणपूरचं! ते झाड पुढे वठलं. १८९९ मध्ये तोडलं, तेव्हा कोरलेला तुकडा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेऊन ठेवला.

देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि काठीला बांधून खांद्यावर घेतला. समुद्र हजार मैलांहून लांब. वाटेत साथीचे आजार, लढाई, उपासमार. काही साथीदार मेले. टबोऱ्याजवळ लेफ्टनंट कॅमेरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सांगितलं, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. साहेबाचं न ऐकणाऱ्या या पोरांबद्दल लिव्हिंग्स्टनने डायरीत तक्रार केली होती. ते न ऐकणं त्याच्याच कामी आलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला, समुद्रकाठी पोचले. तिथून बोटीवर एकट्या जेकबला पाठवलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीचे मानकरी म्हणून जे मोजके लोक चालले, त्यांत स्टॅन्लीबरोबर नाशिकचा जेकब वेनराइट होता.

दुपारी सरांच्या घरी पंगत बसली. मटण, पुऱ्या, पुलाव, शेवटी केक. मी हे सगळं सांगत होतो आणि मुलं ताटातले हात थांबवून ऐकत होती. सरांना प्राइस साहेब ठाऊक होते, आश्रमाची गोष्टही ठाऊक होती, पण सहा नावं त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. "मग ती मुलं इथे परत का नाही आली?" त्यांच्या धाकट्या नातीने विचारलं.

कारण त्यांचा आश्रमच इथून उठला. १८७४ मध्ये मिशनने प्राइस यांना पूर्व आफ्रिकेत पाठवलं आणि पुढच्या वर्षी मोंबासासमोर फ्रिअर टाउन नावाची वसाहत बसली, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने. शरणपूरची आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिक्षक, कारागीर, प्रचारक म्हणून ते नावाजले. शरणपूरला शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये चर्चची दीक्षा मिळाली. गुलामांची गलबतं दिसली की वाजवायची म्हणून बांधलेली फ्रिअर टाउनची घंटा मोंबासात अजून उभी आहे आणि त्या चौकाला तिथले लोक घंटेवरूनच 'केंगेलेनी' म्हणतात. जेकब १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला.

नाशिक महापालिकेने, विद्यापीठाने, नाहीतर चर्चने, कोणीही पुढाकार घ्यावा, पण या माणसांची नावं शरणपूर रोडवर ठळक लागली पाहिजेत. आम्ही अमळनेरमध्ये गुरुजींचं नाव वाचनालयाला दिलं, रस्त्याला दिलं, तेव्हा कुठे पोरं विचारतात, हे कोण होते. लिव्हिंग्स्टनच्या नावाने आफ्रिकेत शहर आहे. त्याला खांद्यावर वाहून नेणाऱ्यांच्या नावाने त्यांच्या शाळेच्या गावात एखादा चौक असायला काय हरकत आहे?

सरांनी वहीचं पान फाडून माझ्याकडून सहाही नावं देवनागरीत लिहून घेतली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना दाखवतो म्हणाले. नातीने पान ओढून घेतलं आणि मॅथ्यू वेलिंग्टनच्या नावापुढे कंसात चेंगविंबे लिहिलं, कारण मीच ते विसरलो होतो.

"हा कधी वारला?" तिने विचारलं.

"१९३५ मध्ये. मोंबासाला, खूप म्हातारा होऊन."

सर बोटांवर हिशेब करू लागले. मी माझा आधीच केला होता. १९३५ मध्ये माझे आजोबा प्रताप हायस्कूलमध्ये सातवीला होते.